जोखमीचे बाळंतपण आणि विशेष उपचार

उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, तीव्र रक्तक्षय किंवा जुळी बाळे असल्यास गरोदरपण जोखमीचे ठरते. अशा वेळी प्रसूतितज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी एकत्र लागतात. मुंबईत परळचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह 1926 पासून हे काम करते. तेथे डॉक्टरांचे पदव्युत्तर शिक्षणही चालते.

विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त झाला आणि लघवीतून प्रथिने जाऊ लागली, तर झटक्यांचा धोका असतो. त्यावर मॅग्नेशियम सल्फेट देतात. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मॅगपाय’ या सुमारे 10,000 स्त्रियांच्या चाचणीत या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी झाला.

शिकाऊ डॉक्टर या औषधाच्या प्रत्येक मात्रेआधी गुडघ्याखाली हातोडीने हलके ठोकून पाय उडतो का ते पाहतात, श्वास मोजतात, लघवीचे प्रमाण नोंदवतात. पाय उडाला नाही तर पुढची मात्रा थांबवतात. औषध जास्त झाल्यास उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी असते.

तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर सूज आल्यास गरोदर स्त्रीला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.