उत्तर येईना; किती थांबावे?

शाळेच्या संगणकावरून आपण परीक्षेचे शुल्क भरतो. कळ दाबतो आणि पडद्यावर काहीच हलत नाही. पुन्हा कळ दाबावी का? प्रश्न पैशांचा आहे, म्हणून जरा खोलात जाऊ या.

प्रोग्राम जाळ्याशी बोलतो तो ‘सॉकेट’ नावाच्या दारातून. या दारातून वाचताना तीन गोष्टी संभवतात. मजकूर येतो, पलीकडच्याने बोलणे संपवल्याची खूण मिळते, किंवा काहीच येत नाही. तिसऱ्या स्थितीत प्रोग्राम कितीही वेळ खोळंबून राहू शकतो. म्हणून वाचनाला कालमर्यादा घालतात. तिलाच ‘टाइमआउट’ म्हणतात.

ही मर्यादा किती असावी? नाशिक-मुंबई अंतर सुमारे 170 किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाण्यायेण्याला 2 मिलिसेकंदही लागत नाहीत. हाच संवाद उपग्रहामार्फत झाला तर? नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगावजवळ, आर्वी येथे 1971 साली असे उपग्रह-भूकेंद्र सुरू झाले. भूस्थिर उपग्रह सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली येणार, उत्तरही तसेच. एकूण 1,44,000 किलोमीटर. त्याला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो. एका मार्गाला भरपूर असलेली मर्यादा दुसऱ्याला अपुरी पडते, ती अशी.

शिवाय वाटेतल्या गर्दीने होणारा उशीर सतत बदलतो. म्हणून व्हॅन जेकबसन यांनी 1988 मध्ये सुचवले, की सरासरी वेळेबरोबर तिच्यातील चढउतारही मोजावा. आज टीसीपी ही संदेशवहनाची पद्धत सरासरीत चढउताराची चौपट मिळवून तेवढा वेळ वाट पाहते. पोच न आल्यास संदेश पुन्हा पाठवते आणि मर्यादा दुप्पट करते. प्रोग्रामने आपली मर्यादा याहून सैल ठेवावी.

पण मर्यादा संपली, तर कळते एवढेच की उत्तर आले नाही. मागणी हरवली, काम रेंगाळले, की काम होऊन उत्तर वाटेत अडकले, हे कळत नाही.

वर्गात करून पाहा. ‘खडू द्या’ अशी चिठ्ठी कार्यालयात पाठवा. परतणाऱ्या मुलाला व्हरांड्यात अडवा. वर्ग कंटाळून दुसरी चिठ्ठी पाठवील आणि शेवटी दोन खडू येतील! आता चिठ्ठीवर क्रमांक घाला आणि पुन्हा पाठवताना तोच ठेवा. कार्यालय म्हणेल, ‘हा खडू दिलेला आहे.’

शुल्काचेही तसेच. व्यवहार क्रमांक तोच राहिला, तर पुन्हा विचारण्यात धोका नाही. तोवर कळ दाबण्याआधी भरणा झाला का, ते तपासावे.