धीर देणारी गाणी

युद्धावरचा चित्रपट म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे रणगाडे, तोफा आणि धुराचे लोट येतात. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत जे चित्रपट सर्वांत जास्त पाहिले गेले, त्यांत लढाई थोडी आणि गाणीच अधिक होती. प्रचारमंत्री गोबेल्स करमणुकीला फार महत्त्व देई. लोक हसते-गाते राहिले, तर युद्ध सोसतील, हा त्याचा हिशेब होता.

याची सुरुवात झाली रेडिओवर. १९३९ च्या ऑक्टोबरपासून दर रविवारी बर्लिनहून ‘वुन्शकॉन्सर्ट’ हा कार्यक्रम लागे. आपल्या ‘आपली आवड’सारखाच फर्माइशी गाण्यांचा. फर्माइश करणारे मात्र आघाडीवरचे सैनिक. कुणाला मुलगा झाला, ही बातमीसुद्धा त्याला इथूनच कळवली जाई. १९४० च्या अखेरीस याच नावाचा चित्रपट आला. ताटातूट झालेल्या प्रियकराची फर्माइश प्रेयसीच्या कानी पडते आणि दोघांना एकमेकांचा पत्ता लागतो, अशी त्याची गोष्ट. २ कोटींहून अधिक तिकिटं खपली.

त्यावर ताण केली ‘डी ग्रोसे लीबे’ने, म्हणजे ‘थोर प्रेम’ने. त्सारा लेआंडर ही स्वीडिश अभिनेत्री त्यात गायिका झाली होती. तिचं एका वैमानिकावर प्रेम बसतं. पण लग्न ठरलं, की त्याला हुकूम येतो आणि तो निघून जातो. प्रेमापेक्षा कर्तव्य मोठं, हा धडा प्रेक्षकांच्या गळी गाण्यांतून उतरवला होता. एका गाण्यात जखमी सैनिकांना सांगितलं आहे, की एवढ्या-तेवढ्यानं काही जग संपत नाही. दुसऱ्यात कधीतरी चमत्कार घडेल, असा दिलासा आहे. चित्रपट झळकला १२ जून १९४२ रोजी. त्याआधी दोनच आठवडे ब्रिटिशांच्या सुमारे हजार विमानांनी एका रात्रीत कोलोन शहर भाजून काढलं होतं. दिलाशाची गरज खरी होती.

आता हे शब्द कुणाचे, ते पाहा. गीतकार ब्रुनो बाल्त्स समलिंगी होता आणि नाझी कायद्यानं तो गुन्हा होता. १९४१ मध्ये गेस्टापोनं त्याला पकडलं. संगीतकार मिखाएल यारी यानं रदबदली केली, म्हणून तो सुटला. ज्या राजवटीनं त्याला कोठडीत डांबलं, तिच्याच प्रजेला त्याच्या शब्दांनी धीर दिला. त्याला हवा असलेला चमत्कार आणि गोबेल्सला हवा असलेला चमत्कार एकच असेल, असं मला वाटत नाही. पण गाण्यात चमत्काराचं नाव नसतं. कोलोनमधल्या आईनं त्यात आपला मुलगा पाहिला असेल, सैनिकानं आपलं घर. राजवटीलाही नेमकं हेच सोयीचं होतं.

म्हणून धीर देणाऱ्या गाण्याला केवळ खोटं म्हणून चालत नाही. त्यानं डोळे खरोखरच पुसले. प्रश्न वेगळाच आहे : ते कशाकडे पाहू देत नव्हतं? चित्रपटाच्या शेवटी दोघं प्रेमिक आकाशातल्या लढाऊ विमानांकडे मान वर करून पाहतात. ती विमानं कुठं चालली आहेत आणि तिथं खाली कोण राहतं, हे चित्रपट विचारत नाही. १९४३ मध्ये बर्लिनमधल्या लेआंडरच्या स्वतःच्या घरावर बॉम्ब पडले आणि ती स्वीडनला परतली. गाणी मात्र मागे राहिली. युद्ध संपल्यावर ढिगारे उपसणाऱ्या लोकांच्या ओठांवरही ती होती.