अर्क नको, आगळ हवं

रतांब्यांचा हंगाम सुरू झाला, की कोकमातल्या अँटिऑक्सिडंटचे मथळे फोनवर फिरू लागतात आणि पाठोपाठ कोकमअर्काच्या कॅप्सूलच्या जाहिराती. कोकमात गुण नाहीत, असं कोण म्हणेल? सालीचा लाल रंग अँथोसायनिनचा, तो पाण्यात उतरतो. सालीतच गार्सिनॉल हा पिवळा घटक असतो. त्याची रचना हळदीतल्या करक्युमिनशी काहीशी जुळते, म्हणून संशोधकांचं त्याच्यावर विशेष लक्ष आहे.

पण मथळ्यामागची चाचणी कशी असते, ते पाहा. डीपीपीएच या रसायनाच्या गडद जांभळ्या द्रावणात फळाचा अर्क टाकतात. अर्क जितका प्रभावी, तितका जांभळा रंग उतरत जाऊन द्रावण पिवळं पडतं. झाली चाचणी! परीक्षानळीला ना आतडं, ना यकृत. पोटात गेलेल्या अँथोसायनिनपैकी मूळ रूपात रक्तात पोचतो तो अगदी थोडा अंश; बाकीच्याचं आतड्यातले जिवाणू वेगळंच काही करून टाकतात. नळीतल्या अशाच मोजणीचा खाद्यपदार्थांचा तक्ता अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतला, कारण कंपन्या ते आकडे जाहिरातीत वापरत होत्या.

फिनलंडचा धडा तर फार कडू आहे. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. कोकमअर्काने वजन उतरतं, या दाव्याचंही तेच. कोकमाची दक्षिणेतली बहीण, मलबारी चिंच. तिचा अर्क १९९८ मध्ये बारा आठवड्यांच्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरला नाही.

मग कोकम कसं खावं? कोकणात खातात तसं. रतांबे फोडून बिया काढायच्या, सालं उन्हात घालायची, मीठ घातलेल्या रसात, म्हणजे आगळात, बुडवून पुन्हा उन्हात. अशी पुटं देत देत त्यांची काळी, मऊ आमसुलं होतात. मधेच वळीव आला, तर मेहनत पाण्यात. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, तरी पावसात सापडलेले कितीतरी रतांबे दरवर्षी झाडाखाली कुजतात. ते वाचवायचे, तर आमसुलांना गिऱ्हाईक हवं.

रक्तदाब असेल, तर आगळ बेतानेच घ्या, त्यात मीठ भरपूर असतं. बाकीच्यांनी कॅप्सूलचे पैसे वाचवावेत आणि यंदाची आमसुलं थेट कोकणातल्या बचतगटांकडून मागवावीत.