गायीला चालणारा झाडपाला कुत्र्या-मांजराला का चालत नाही?

2022 च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी त्वचारोगाची साथ सुरू झाली आणि काही आठवड्यांत वऱ्हाडातही पोहोचली. त्या दिवसांत एक मेसेज तुमच्याही मोबाईलवर आला असेल. विड्याची पानं, काळी मिरी, मीठ आणि गूळ एकत्र वाटून जनावराला चारा, असं त्यात लिहिलेलं होतं.

हा नुसखा कुणी मनाने रचलेला नव्हता. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ (एनडीडीबी) पारंपरिक पशुवैद्यांच्या ज्ञानावर आधारलेले असे अनेक उपाय शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवतं. पण मेसेज पुढे सरकत गेला तशी त्यातली माहिती गळत गेली. किती द्यायचं, किती वेळा द्यायचं, कोणत्या जनावराला द्यायचं, हे राहून गेलं. खरा धोका इथेच असतो.

लम्पीवर झाडपाला पुरतो का?

नाही. लम्पी हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. त्याचा विषाणू मारणारं नेमकं औषध आजही नाही. झाडपाल्याने जनावराला थोडा आराम पडू शकतो. बचाव मात्र लसीनेच होतो. 2022 मध्ये राज्यभर जनावरांना शेळ्यांच्या देवीवरची 'गोट पॉक्स' लस दिली गेली, ती यासाठीच.

पोटात घ्यायचं की वरून लावायचं?

कासदाह, म्हणजे आपल्याकडची 'दगडी', झाली की लावायचा एक लेप एनडीडीबीने सांगितला आहे. कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम आणि चुना 15 ग्रॅम वाटून तो करतात. कास धुऊन तो दिवसातून अनेक वेळा, असा पाच दिवस लावायचा असतो. हा लेप लावण्यासाठी आहे, पाजण्यासाठी नाही. धार काढण्याआधी आणि वासरू सोडण्याआधी कास स्वच्छ धुवावी. दुधात रक्त किंवा गाठी दिसल्या, गायीला ताप आला, तर लेपावर विसंबून राहू नका.

मग घरच्या कुत्र्याला हेच का नको?

कारण प्रत्येक प्राण्याचं शरीर वेगळं चालतं. गाय-म्हैस-शेळीच्या पोटाचे चार कप्पे असतात. खाल्लेला पाला पहिल्या कप्प्यातले सूक्ष्मजीव आधी फोडतात. कुत्र्या-मांजराला ही सोय नाही. शिवाय मांजराच्या यकृतात काही पदार्थांचा निचरा करणारी यंत्रणा फारच कमी असते. त्यामुळे कापूर, निलगिरीचं तेल यांसारख्या वस्तू मांजराच्या अंगात साचत जातात. मांजर अंग चाटतं, म्हणजे वरून लावलेलं औषधही शेवटी पोटात जातं.

लसणाचंच उदाहरण घ्या. लम्पीच्या फोडांवर लावायच्या तेलात लसूण असतो. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. किलो वजनामागे सुमारे 5 ग्रॅम कांदा मांजराला बाधू शकतो. म्हणजे तीन किलोच्या मांजराला 15 ग्रॅम, एका लहान कांद्याचा चतकोर तुकडाच. कुत्र्यात हे प्रमाण किलोमागे 15 ते 30 ग्रॅम आहे. लसूण तर कांद्याहून तीव्र. 'जंत पडतील' म्हणून कुत्र्याला रोज लसूण चारणं म्हणूनच महागात पडू शकतं. भाव पडले म्हणून गायी-बैलांपुढे कांद्याचे ढीग टाकले, तर त्यांनाही हाच त्रास होतो.

पाला ओळखताना

अकोल्याहून वाशीमकडे जाताना पातूरच्या पुढे घाट लागतो. शेळ्या चारणाऱ्यांना अशा डोंगरातल्या पाल्याची पारख असते, पण प्रत्येकाला ती नसते. बांधावरची घायपात आणि कोरफड लांबून सारखी दिसतात, पण घायपातीच्या रसाने कातडीची आग होते. कण्हेर हिरवी असो की वाळलेली, जीवघेणी आहे. छाटलेल्या फांद्या कुंपणाबाहेर टाकल्या आणि शेळीने खाल्ल्या, तर हृदयावर परिणाम होतो. रायमुनिया म्हणजे घाणेरी यकृत बिघडवते, कावीळ होते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी होते. एरंडाच्या आणि गुंजेच्या बियाही विषारीच.

उपयोगी झाडालाही मर्यादा असतात. जखमेत अळ्या पडल्या की सीताफळीच्या पाल्याचा लेप लावतात, पण तो फक्त पहिल्या दिवशी. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, जनावराच्याही आणि लावणाऱ्याच्याही. गोचिडांसाठी तंबाखूचं पाणी अंगावर ओतणं टाळाच. त्यातलं निकोटिन कातडीतूनही शरीरात जातं.

पाजताना होणारी चूक

कधी औषध बरोबर असतं आणि जनावर दगावतं ते पाजण्याच्या पद्धतीने. मान वर ताणून, जीभ ओढून बाटली तोंडात रिकामी केली की काढा श्वासनलिकेत शिरतो आणि फुप्फुसाला सूज येते. डोकं पाठीच्या रेषेतच ठेवा. घोट घोट द्या. ठसका लागला की लगेच थांबा. आडव्या पडलेल्या किंवा शुद्ध हरपलेल्या जनावराला काहीही पाजू नका. शक्य असेल तिथे गुळात कालवून लहान गोळी चारणं बरं.

पशुवैद्यकाला कधी बोलवायचं?

पोट फुगलं, धाप लागली, झटके आले, लघवी लाल किंवा कॉफीसारखी झाली, कुत्र्या-मांजराच्या हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर घरचा उपाय करत बसू नका. गाभण जनावराला आणि लहान पिल्लांना विचारल्याशिवाय कोणताही काढा देऊ नका. राज्यात पशुवैद्यकीय सेवेसाठी 1962 हा टोल-फ्री क्रमांक आहे. अकोल्यात स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थाही आहे.

डॉक्टर आले की आधी काय दिलं ते न लाजता सांगा. जनावराने खाल्लेल्या पाल्याची फांदी दाखवा, नाहीतर फोटो काढून ठेवा. त्यावरून उपचार लवकर ठरतो.

आणि पुढचा नुसखा फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी तपासा: कोणत्या जनावरासाठी, किती आणि कसं द्यायचं. यातली एक जरी लिहिलेली नसेल, तर तो मेसेज तिथेच थांबवा.