कळफलकावरील जवळच्या वाटा



एके काळी गाणे ध्वनिमुद्रित करायचे, तर खोलीभर यंत्रे आणि ती चालविणारी माणसे लागत. आता रीपर, लॉजिक किंवा एबल्टन लाइव्ह यांसारखे एखादे सॉफ्टवेअर घरातल्या टेबलावर तेच काम करून देते. ही विद्या शिकू पाहणाऱ्या तरुणांच्या वाटेत पहिल्याच आठवड्यात जी अडचण उभी राहते, तिच्याविषयी आम्ही आज बोलणार आहोत.

अडचण अशी : पडद्यावर शेकडो आज्ञा यादीत मांडलेल्या असतात. समजा, गायकाने आलाप संपविला आणि शेवटी तो खोकला. तो खोकला कापायचा आहे. माउसने काम करणारा आधी बाण शोधतो, मग यादी उघडतो, मग यादीतील आज्ञा वाचतो. एवढ्या वेळात कानातला आलाप निघून जातो. रीपरमध्ये खुणेची रेघ खोकल्यापाशी आणून ‘एस’ ही कळ दाबली की पट्टीचे तेथेच दोन तुकडे होतात. येथे दोनचार क्षण वाचले, हा लाभ लहान आहे. लक्ष कानावरून डोळ्यांवर गेले नाही, हा लाभ मोठा आहे.

हे तत्त्व नवे नव्हे. 1888 साली अमेरिकेतील सिनसिनाटी शहरी फ्रँक मॅकगरिन व लुई ट्रॉब या दोघांमध्ये टंकलेखनाची जाहीर स्पर्धा झाली. मॅकगरिनने कळफलक पाठ केला होता. कळांकडे न पाहता तो लिही, आणि त्यानेच बाजी मारली. आपल्याकडे टंकलेखनाच्या वर्गात बोटे बसविण्यावर जो भर असे, त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती. हार्मोनियम वाजविणाराही पट्ट्यांकडे पाहत बसत नाही.

मग सगळेच हे का शिकत नाहीत, असे कोणी विचारील. 2005 साली डेव्हिड लेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्ड या लेखनाच्या सॉफ्टवेअरचे मुरलेले वापरकर्ते तपासले, तेव्हा तेही नेहमीच्या आज्ञांसाठी बहुधा चित्रांवरच माउस नेताना आढळले. नुसत्या सरावाच्या वर्षांनी हात आपोआप कळांकडे वळत नाही. पहिले काही दिवस नवी रीत जुनीपेक्षा संथच वाटते, आणि ज्याचे काम अडत नाही तो तेवढे दिवस सोसायला तयार नसतो. 1897 व 1899 साली ब्रायन व हार्टर यांनी तारायंत्र शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. काही काळ प्रगती थांबल्यासारखी दिसे, आणि पुढे अक्षरे सुटी ऐकणारा तारवाला सबंध शब्द ऐकू लागे. अशा सपाटीवर धीर सोडू नये, हाच त्यातून घ्यायचा धडा.

शिकावे कसे? छापील तक्ता पाठ करू नये. आपण दिवसातून शंभरदा जे करतो त्यापैकी पाचच आज्ञा निवडाव्या : वाजविणे-थांबविणे, मुद्रण, तुकडा करणे, केलेले परत फिरविणे आणि जतन करणे. बहुतेक सॉफ्टवेअरांत पहिलीसाठी तळाची लांब कळ असते, आणि शेवटच्या दोन विंडोजवर कंट्रोलसह ‘झेड’ व ‘एस’ अशा आहेत. टाकाऊ मुद्रण घेऊन त्यावर हात चालवावा. तबलजी बोल आधी तोंडाने म्हणतो, तसे आज्ञेचे नाव म्हणत कळ दाबावी. पाचही अंगवळणी पडल्यावरच सहावीकडे वळावे.

एक इशारा मात्र द्यायला हवा. या वाटा गावोगावी सारख्या नाहीत. ‘एम’ ही कळ लॉजिकमध्ये निवडलेल्या ट्रॅकचा आवाज बंद करते, रीपरमध्ये खूण टाकते, आणि लाइव्हमध्ये कळफलकाचेच वाद्य बनविते. मग ‘ए, एस, डी, एफ’ दाबताच सा, रे, ग, म वाजू लागतात! ‘आर’ने लॉजिकमध्ये मुद्रण सुरू होते, तर रीपरमध्ये पुन्हा पुन्हा वाजविण्याची सोय चालू होते, तेथे मुद्रणासाठी कंट्रोलही दाबावा लागतो. सवयीच्या भरात अशीच भलती कळ दाबून आम्ही एका गायिकेची ठुमरी गमावली आहे. ती मन लावून गायली. यंत्राने काहीच टिपले नव्हते. दोष सर्वस्वी आमचा होता. दुसऱ्यांदा ती गायली, पण तशी नाही. तेव्हापासून बोटाने कळ दाबली तरी मुद्रणाचा लाल दिवा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आम्ही गायकाला ‘सुरू करा’ म्हणत नाही.

आतापर्यंत आम्ही ‘जवळची वाट’ म्हणालो, ते डोळस माणसांपुरते. अंध ध्वनिमुद्रकाला पडद्यावरचा बाण दिसतच नाही. त्याच्यासाठी कळफलक हीच वाट आहे, दुसरी नाही. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने 2006 साली ‘एन्‌व्हीडीए’ हा पडदा वाचून दाखविणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला आणि तो सर्वांना मोफत दिला. त्याचे सहकारी जेम्स टे, तेही अंधच, यांनी ‘ओसारा’ ही जोड तयार केली. तिच्यामुळे रीपर आपण कोठे आहोत व काय घडले हे वाचकप्रोग्रॅमकरवी बोलून सांगते. या साधनांच्या आधारे अंध माणूस कळांवरून अख्खे गाणे मुद्रित करून बांधू शकतो.

म्हणून श्रोत्यांपैकी जे शिक्षक असतील, पालक असतील, त्यांना आमची विनंती आहे. मुलाला हे सॉफ्टवेअर शिकविताना पहिला दिवस कळफलकाला द्या. वर्गात एखादा दृष्टिहीन मुलगा असेल, तर त्याला कोपऱ्यात नुसते ऐकत बसवू नका. पाच कळा सगळ्यांनी मिळून शिकाव्या. तो इतरांच्या मागे राहीलच, असे मानण्याचे कारण नाही.