देवदूतांवर कुणी ब्रश फिरवला नाही

सफोक, इंग्लंड

इंग्लंडच्या खेड्यांतल्या जुन्या चर्चविषयी आपल्याकडे दोन समजुती घट्ट आहेत. एक, ती सगळी कुलाब्याच्या अफगाण चर्चसारखी एकाच नकाशावर बांधलेली, टोकदार मनोऱ्याची असतात. दुसरी, सरकार पैसा ओततं म्हणून ती टिकतात. पूर्व किनाऱ्याजवळच्या ब्लाइबरा गावातलं होली ट्रिनिटी चर्च पाहिलं की दोन्ही समजुती गळून पडतात.

सफोकमध्ये बांधकामाला चांगला दगड मिळत नाही. म्हणून इथल्या भिंती चकमकीच्या गोट्यांच्या. खिडक्यांच्या चौकटींपुरता घडीव दगड बाहेरून आणलेला. पंधराव्या शतकात ब्लाइबरा हे नदीवरचं नांदतं बंदर होतं. त्या भरभराटीत हे चर्च उभं राहिलं. पुढे व्यापार ओसरला आणि काहीशे वस्तीच्या गावाकडे एवढी अवाढव्य वास्तू उरली. १५७७ च्या वादळात मनोऱ्यावरचं शिखर छत फोडून आत कोसळलं, माणसं दगावली. ते शिखर पुन्हा कुणी चढवलेलं नाही. उत्तरेच्या दारावर जळाल्याच्या खुणा आहेत. वादळाबरोबर आलेल्या काळ्या सैतानी कुत्र्याच्या नखांच्या त्या खुणा, असं गाव सांगतं. ते दारही गावानं बदललेलं नाही.

खरी दौलत मात्र छताला आहे. पंख पसरलेले लाकडी देवदूत पाठीला पाठ लावून वरून खाली पाहतात. १६४४ मध्ये विल्यम डाउझिंग हा कडवा प्युरिटन मूर्तिभंजनाचा परवाना घेऊन इथं आला. वीस देवदूत उतरवण्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे, तरी देवदूत वाचले. त्यांचा मध्ययुगीन रंग बराचसा उडालाय. कुठे लालसर छटा, कुठे हिरवट. त्या रंगावर कुणी ब्रश फिरवलेला नाही, याचा मला सर्वांत जास्त हेवा वाटला.

खाली बाकांच्या टोकांना माणसाची पापं कोरली आहेत. आपले रिपू सहा, यांची पापं सात. आळशी माणूस अंथरुणात बसलाय, लोभी पैशाच्या पेटीवर. देखभाल पाहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी मला एका बाकाच्या पायाशी वाकायला लावलं. कुजलेलं तेवढंच ओक कापून तिथं वीतभर नवा तुकडा सांधला होता. नवं लाकूड फिकट, सांधा उघड दिसणारा. "रंग देऊन एकसारखं का नाही केलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "मग पुढच्या माणसाला कळणार कसं, जुनं कुठलं आणि आमचं कुठलं?"

ही समज इंग्रजांच्या रक्तात नव्हती. एकोणिसाव्या शतकात त्यांनीही जीर्णोद्धाराच्या नावाखाली शेकडो चर्च खरवडून गुळगुळीत केली. त्याविरुद्ध विल्यम मॉरिस उभे राहिले आणि १८७७ मध्ये त्यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली. ब्लाइबराचं चर्च धोकादायक म्हणून १८८१ मध्ये बंद झालं, तेव्हा दुरुस्ती किती आणि कशी करायची यावरून याच संस्थेनं चर्चच्या कारभाऱ्यांशी दीर्घ वाद घातला. आज चर्च ऑफ इंग्लंडच्या कुठल्याही चर्चमधला बाक हलवायचा तरी धर्मप्रांताची परवानगी लागते. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञ तपासणी करतो. आणि खर्च? अधूनमधून अनुदान मिळतं, पण रोजचा भार गावाच्या लोकवर्गणीवर: केकविक्री, जत्रा, मैफली.

लोकवर्गणी आपल्याकडे काय कमी आहे? सातारा जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी देवळाला कोरीव खांबांचा सागवानी सभामंडप होता. गावानं पोटाला चिमटा घेऊन पैसे जमवले आणि तो पाडून स्लॅब टाकला. खांब जुन्या बाजारात गेले. गाभाऱ्याच्या काळ्या दगडावर ऑइलपेंट चढला, खाली चकचकीत टाइल्स आल्या, दारात देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी लागली. दगडातली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही, म्हणून रंगाला पोपडे आले. त्यावर पुन्हा रंग. ही माणसं श्रद्धेत कुठेही कमी नव्हती. त्यांना थांबवून जुन्या दगडाचं मोल सांगणारं कुणी नव्हतं. अंबरनाथचं १०६० चं शिवालय किंवा सिन्नरचं गोंदेश्वर संरक्षित स्मारकं म्हणून तगली. यादीत नसलेल्या हजारो देवळांना वाली कोण?

इंग्रजांवरही माझा राग आहे. एवढं जपलेलं छत, आणि रविवारी खाली डोकी मोजकीच. आपल्या देवळात पहाटेच्या काकड्याला जाग असते, सप्ताहात पाय ठेवायला जागा नसते. वास्तू जपण्याची त्यांची शिस्त आणि देऊळ नांदतं ठेवण्याचा आपला जिव्हाळा एकत्र आले, तर कुणालाच कुणाचा हेवा करावा लागणार नाही.

सुरुवात अवघड नाही. पंढरपूरच्या मंदिरात नंतर बसवलेल्या फरश्या काढून मूळ दगड मोकळा करण्याचं काम अलीकडेच झालं. तुमच्या गावात जीर्णोद्धार समिती बसेल, तेव्हा रंगाचे डबे मागवण्याआधी चुन्याचं आणि दगडाचं काम जाणणाऱ्या माणसाला एकदा बोलवा. गळतं तेवढं बुजवा, कुजलं तेवढं बदला, आणि पाडायचा ठराव आला तर हात वर करू नका.