मोटारसायकल महामार्गावर काढण्यापूर्वी

घरात नवी मोटारसायकल आली की पेढे वाटले जातात, गाडीला हार घातला जातो, काही घरांतून तर हँडलला लिंबू-मिरचीही लटकते. लिंबू-मिरचीबद्दल आमच्या वाचकांना आम्ही वेगळे सांगायला नको. तेवढ्या वेळात चाकातली हवा तपासून होते. पण मीरा रोड, भाईंदर, काशीमीरा या भागातल्या तरुणाची अडचण जरा निराळी आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग त्याच्या दारातच आहे. गल्लीत आणि स्टेशन रोडला महिना-दोन महिने गाडी फिरवली, पक्के लायसन्स हाती आले, की काशीमीऱ्याच्या चौकातून तो थेट कंटेनरच्या रांगेत जाऊन पडतो. मधली पायरीच नाही. ज्या घरातला गाडीचा हप्ता, खोलीचे भाडे आणि धाकट्यांची फी एकाच्याच पगारावर चालते, त्या घराने तरी ही मधली पायरी गाळता कामा नये.

केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांवर माणसे गेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. त्यात कमावते हात किती असतील, याचा वाचकांनीच विचार करावा.

पहिली गोष्ट ब्रेकची. गल्लीत गाडी चालवणारा मुलगा पायाचा, म्हणजे मागचा ब्रेक दाबायला शिकतो, कारण ‘पुढचा दाबलास तर पडशील’ असे त्याला कोणीतरी सांगितलेले असते. ही शिकवण महामार्गावर घातक ठरते. ब्रेक लागताच गाडीचे वजन पुढे झुकते, मागचे चाक हलके होते आणि गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढच्या चाकावर येते. तेव्हा दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा झटका न देता पण वाढत्या जोराने दाबण्याची सवय हाताला लावावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. समोरचे संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत हा सेकंद सरतो, आणि नंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात. वेग ८० झाला की ही वीस मीटर पस्तीसच्या घरात जातात. ८० हीच चौपदरी महामार्गावर मोटारसायकलची कायदेशीर मर्यादा आहे, हेही लक्षात असू द्यावे. एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.च्या वरच्या नव्या गाड्यांना ए.बी.एस. सक्तीचे झाले. त्याने चाक जाम होत नाही, गाडी हातात राहते. पण समोरच्या गाडीला चिकटून चालणाऱ्याला तेही वाचवू शकत नाही.

हा सराव कुठे करावा? भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोरवा, डोंगरी करत उत्तनला जाणारा रस्ता आहे. भल्या पहाटे, रहदारी नसताना, तिथल्या मोकळ्या सरळ तुकड्यावर मागेपुढे पाहून वीस-पंचवीस वेळा थांबून पाहावे. वळणे घेताना नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. नजर जिकडे, गाडी तिकडे. असे दोन-तीन रविवार गेले की मग महामार्ग.

तोही एकदम नाही. पहिल्या खेपेस वर्सोव्याचा पूल ओलांडून शिरसाड फाट्यापर्यंत जावे आणि परत यावे. खाडीवरचा वारा आडवा येतो आणि शेजारून मोठा ट्रक गेला की गाडी आधी ढकलली जाते, मग ओढली जाते. अशा वेळी हँडल घट्ट आवळू नये. गुडघ्यांनी टाकी धरावी आणि हात सैल सोडावेत. हे जमले की पुढच्या खेपेस मनोर.

मनोरच्या पुढे चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात होऊन त्यांचा व आणखी एकाचा मृत्यू झाला. मोटार अत्यंत महागडी होती. त्या ठिकाणी पुलावर तीन पदरांचे दोन पदर होतात. जिथे रस्ता असा अरुंद होतो, तिथे शेजारचे वाहन आपल्या अंगावर येणार हे गृहीत धरून आधीच वेग कमी करावा.

कंटेनरविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. न्हावाशेवा बंदर आणि गुजरात यांमधली मोठी वाहतूक फाउंटनजवळ घोडबंदर रस्त्याला वळते. कंटेनर वळताना तोंड बाहेर काढतो आणि त्याची मागची चाके आतल्या बाजूने कापत येतात. डावीकडे मोकळी जागा दिसली म्हणून तिथे गाडी घालणारा त्या चाकांच्या वाटेत उभा असतो. ड्रायव्हर उंच बसलेला. आपल्याला त्याचा आरसा दिसत नसेल तर त्याला आपण दिसत नाही, हे पक्के समजावे. जयंतीच्या मोटारसायकल रॅलीत झेंडा धरून ट्रिपल सीट फिरणे हा महामार्गाचा अनुभव नव्हे, हेही आमच्या तरुण मित्रांनी राग न मानता ऐकावे.

आता मागे बसणाऱ्या भगिनींबद्दल. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने सक्तीचे आहे. आयएसआयचे, पट्टा लावलेले. हाताच्या कोपरात अडकवलेले नव्हे. पदर आणि ओढणी कमरेला खोचून घ्यावी, मागच्या चाकावरचा साडीगार्ड ‘दिसायला बरा दिसत नाही’ म्हणून काढू नये. चार वर्षांखालील मूल सोबत असेल तर त्याला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा व हेल्मेट हवे आणि वेग ४० च्या आत हवा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. ४० च्या वेगाने महामार्गावर चालणे हाच धोका. तेव्हा मुलाला एस.टी.ने न्यावे.

कागदांपैकी एक कागद घरातल्या जाणत्या माणसाने आजच उघडून पाहावा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा मिळतो, पण तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण वेगळे असते आणि ते पुष्कळदा एकाच वर्षाचे घेतलेले असते. शिवाय ते ज्याच्या नावावर गाडी आहे त्यालाच, तेही लायसन्स असेल तरच लागू होते. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवतो मुलगा, असे सर्रास चालते. अशा घरांनी मुलासाठी वेगळी अपघात पॉलिसी काढावी.

इतके झाल्यावर लांबचा प्रवास. २० मार्चला महाडला जाण्याची अनेकांची इच्छा असते. ठाणे, कळंबोली, पळस्पे, पेण, माणगाव असा तो पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरचा रस्ता. वाटेत कर्नाळ्याची आणि सुकेळीची खिंड. पुण्याकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, अटल सेतूवरही. निघण्याच्या आदल्या दिवशी चेनला तेल द्यावे, टायर थंड असताना हवा भरावी, टायरची नक्षी झिजली असेल तर तो बदलावा. पायात चपला नकोत, बूट हवेत. पहाटे उजाडताना निघावे आणि दर तासाला थांबून पाणी प्यावे, तहान नसली तरी. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गावरील मदतीचा क्रमांक मोबाईलमध्ये आणि खिशातल्या चिठ्ठीवरही असावा, घरच्या क्रमांकासह. आणि रात्रीच परत निघण्याचा हट्ट नको. महाडला किंवा माणगावला मुक्काम करून सकाळी निघाले, तर कामावरची एक सुट्टी जाईल एवढेच.